योक की साइडस्टिक: दांडीच्या आकारापेक्षा तिच्यामागे काय आहे ते पाहा

प्रश्न असा आहे: एअरबसच्या कॉकपिटमध्ये बाजूला एक छोटी दांडी असते, बोइंगमध्ये दोन्ही गुडघ्यांच्या मधोमध भलंमोठं योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं नियंत्रण. आता दोन्ही कंपन्यांची नव्याने आखलेली विमानं तारांतून जाणाऱ्या विद्युत संकेतांवर उडतात, मग हा फरक का? आणि जास्त सुरक्षित कोणतं?

दांडी कुठे बसवली आहे याला मी फार महत्त्व देत नाही. कोणत्याही विमानाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. हातातलं नियंत्रण सरकवलं की विमानाकडे नेमकी कशाची मागणी जाते? ऑटोपायलट किंवा ट्रिम (हाताने धरून न ठेवता विमान एका स्थितीत राहावं म्हणून केलेली जुळवणी) काम करत असताना ते नियंत्रण आपणहून हलतं का? आणि शेजारच्या वैमानिकाच्या हातातलं नियंत्रण आपल्या नियंत्रणाशी जोडलेलं आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कळली की योक-साइडस्टिकचा निम्मा वाद मिटतो. तिसऱ्याचा मिटत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. "योकमधून हवेचा जोर हाताला कळतो" असं सर्रास सांगितलं जातं. छोट्या विमानात ते खरं आहे. बोइंग ७३७ मध्ये मात्र योकपासून निघालेल्या केबल पुलींवरून शेपटीकडे जातात आणि तिथे हायड्रॉलिक यंत्रणेला हुकूम देतात; एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा पृष्ठभाग) हलवण्याचं काम हायड्रॉलिक दाब करतो. हाताला जाणवणारा जोर कृत्रिम असतो. उभ्या शेपटीवरच्या पिटो नळ्यांतून वेग आणि स्टॅबिलायझरची (शेपटीच्या आडव्या पंखाची) स्थिती घेऊन फील कॉम्प्युटर योक किती जड करायचं ते ठरवतो. हायड्रॉलिक दाब पूर्ण गेला तरच केबलमार्फत मनगटाच्या ताकदीवर ७३७ उडवावं लागतं, आणि तेव्हा ते फार जड लागतं. म्हणजे या दोन पद्धतींतली तुलना 'खरा स्पर्श विरुद्ध कृत्रिम स्पर्श' अशी नाहीच. दोन्हीकडे हाताला काय कळू द्यायचं हे अभियंत्यांनी ठरवलेलं आहे.

तरी ७३७ च्या त्या कृत्रिम जोरातून एक उपयोगी गोष्ट कळते: वेग बदलला की ट्रिम बिघडतं, आणि ट्रिम बिघडलं की योक ओढायला किंवा ढकलायला लागतं. वेग कमी होत चालला तर नाक खाली जाऊ पाहतं आणि ते धरून ठेवायला हाताला ताण पडतो. आकडा न बघताही वैमानिकाला कळतं की काहीतरी सरकतंय. अंगठ्याखालच्या ट्रिम स्विचने तो ताण काढून टाकायचा, हे या विमानात उड्डाणभर चालू असतं.

१९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या आणि १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३२० ने हा हिशेबच बदलला. इथे दांडी पुढे-मागे साधारण १६ अंश आणि बाजूंना २० अंश सरकते, आत स्प्रिंग असतात आणि सोडली की ती मधोमध परत येते. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे सगळं ठीक असतानाच्या संगणकाच्या नियमांत, ती मागे ओढणं म्हणजे 'एलिव्हेटर इतका वर कर' असा हुकूम नसतो. मागणी असते गुरुत्वभाराची, म्हणजे जीची. दांडी मध्यावर असेल तर अर्थ होतो 'आहे तोच मार्ग धरून ठेव'. बाजूला सरकवली तर मागणी असते रोलच्या (कलण्याच्या) वेगाची, पूर्ण सरकवल्यावर सेकंदाला १५ अंश. तुम्ही २० अंशांचा बँक (कल) केला आणि दांडी सोडली, की विमान २० अंशांवरच राहतं. ३३ अंशांपर्यंत वळणात नाक धरून ठेवायला मागे ओढावंही लागत नाही. त्याच्या पुढे गेलात तर दांडी धरून ठेवावी लागते, सोडल्यावर विमान ३३ वर परत येतं, आणि पूर्ण दाबूनही ६७ अंशांच्या पलीकडे जात नाही. फ्लॅप-स्लॅट (पंखांच्या कडांचे बाहेर येणारे भाग) आत असताना जीची मर्यादा +२.५ ते -१, ते बाहेर असताना +२ ते ०. ट्रिम संगणक स्वतः करतो, म्हणून दांडीवर ट्रिम स्विच दिलेलाच नाही.

या फरकामुळे उडवण्याची सवय बदलावी लागते. योकवरून आलेल्या माणसाची पहिली चूक ठरलेली: दांडी मुठीत घट्ट धरायची आणि डाळ घोटल्यासारखी सतत फिरवत राहायची. वाऱ्याच्या झोताने पंख ३ अंश कलला तर योकवर तो लगेच उलट वळवून सरळ करतात. ए३२० मध्ये संगणक आधीच ते काम करायला लागलेला असतो. त्यावर वैमानिकाने आपली दुरुस्ती घातली की दोन्ही मिळून जास्त होतं, मग उलटी दुरुस्ती, मग तिची दुरुस्ती. खालच्या उंचीवर विमान डोलताना दिसलं तर बऱ्याचदा तो वारा नसून तो हात असतो. उपाय साधा आहे: दांडी हलकेच ढकला, हवी ती स्थिती येऊ लागली की मध्यावर सोडा, विमान काय करतं ते बघा, लागलं तर पुन्हा.

दुसरी चूक आडव्या वाऱ्यातल्या टेकऑफची. योकवाल्या विमानात वाऱ्याच्या दिशेला एलरॉन (विमान कलवणारे पंखावरचे पृष्ठभाग) धरून ठेवण्याची सवय असते. ए३२० मध्ये जमिनीवर असेपर्यंत दांडी थेट पृष्ठभाग हलवते. जास्त धरली तर त्या पंखावरचे स्पॉयलर (उठणाऱ्या पट्ट्या) उठतात आणि ओढ वाढते. शिवाय चाकं सुटली की तीच दांडी रोलच्या वेगाची मागणी होऊन बसते. जमिनीवर निरुपद्रवी वाटणारी ती धरलेली दांडी हवेत गेल्यावर विमानाला सतत कलवत राहते. म्हणून चाकं जमिनीवरून सुटताना ती मध्याकडे आणलेली असावी.

उतरताना मात्र एअरबसने मुद्दाम जुन्या सवयीला जागा करून दिली आहे. दांडी मध्यावर असताना मार्ग न बदलणारं विमान फ्लेअर करायला, म्हणजे टेकण्याआधी नाक थोडं वर घ्यायला, विचित्र लागलं असतं. म्हणून ए३२० मध्ये ५० फुटांवर संगणक नाकाचा कोन लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून ते नाक हळूहळू खाली सोडू लागतो. वैमानिकाला साहजिकच दांडी मागे घ्यावी लागते, जशी कुठल्याही विमानात घ्यावी लागते.

आता बोइंग ७७७. पहिलं उड्डाण १९९४, सेवेत १९९५. हे पूर्ण फ्लाय-बाय-वायर, म्हणजे विद्युत संकेतांवर चालणारं, आहे, तरी योक ठेवलं. इथेच कळतं की दांडीचा आकार आणि त्यामागची यंत्रणा या वेगळ्या गोष्टी आहेत. ७७७ च्या नियमात वेगाला जागा ठेवली आहे: ट्रिम स्विचने वैमानिक ट्रिमचा वेग ठरवतो, आणि विमान त्या वेगापासून दूर गेलं की संगणक योकवर तसा जोर निर्माण करतो. ७३७ मध्ये हाताला मिळणारी ती 'काहीतरी सरकतंय' ही सूचना इथे हिशेब करून परत आणलेली आहे. ऑटोपायलट चालू असताना लहान मोटरी योक आणि पेडल हलवत राहतात, म्हणजे ऑटोपायलट काय करतोय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतं. संरक्षण आहे, पण ते दटावणारं आहे, हात धरणारं नाही: ३५ अंशांच्या पुढे बँक केला तर योक ३० च्या आत यायला जोर लावतं, पण वैमानिकाने ताकद लावली तर तो पुढे जाऊ शकतो.

उलट ए२२० पाहा. बॉम्बार्डिअरने सी-सीरीज म्हणून आखलेल्या या विमानात साइडस्टिक आहे, पण तिच्यावर ट्रिम स्विच आहे, विमान वेगाला धरून वागतं, आणि स्टॉल (पंखांची उचल सुटणं) जवळ आला की दांडी हाताला थरथर देते. एम्ब्राएरची ई२ मालिका पूर्ण फ्लाय-बाय-वायर असून तिने आपलं शिंगांच्या आकाराचं योक सोडलं नाही. त्यामुळे 'साइडस्टिक म्हणजे एअरबसचं तत्त्वज्ञान' हे समीकरण मनातून काढून टाकलेलं बरं.

संरक्षणाचा फायदा कुठे दिसतो? समोर डोंगर असल्याचा इशारा आला की ए३२० मध्ये थ्रस्ट (इंजिनचा जोर) पूर्ण आणि दांडी पूर्ण मागे, एवढंच. स्टॉलच्या आधी कुठे थांबायचं ते संगणक बघतो. योकवाल्या विमानात त्याच प्रसंगी योक थरथरवणारा स्टिक शेकर सुरू होईल त्या काठावर नाक हाताने पेलायचं असतं. भीतीच्या क्षणी हे दुसरं काम कितीतरी अवघड. १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत उतरलेल्या ए३२० मध्ये सगळे १५५ जण वाचले, आणि शेवटच्या सेकंदांत ते विमान या संरक्षणाच्या पट्ट्यातच उडत होतं. कॅप्टनने एपीयू (वीज देणारं छोटं सहायक इंजिन) लवकर सुरू केल्यामुळे वीज राहिली आणि नॉर्मल लॉ टिकला. पण त्याच तपासात हेही निघालं की दांडी पूर्ण मागे असूनही संगणकाने नाक वैमानिकाने मागितलं तितकं वर जाऊ दिलं नाही. संरक्षण फुकट मिळत नाही.

आता तिसरा प्रश्न, दोन नियंत्रणांमधल्या जोडणीचा.

योक एकमेकांना जोडलेली असतात. कॅप्टनने ओढलं की फर्स्ट ऑफिसरच्या पोटाशीही योक येतं. एअरबसच्या दोन दांड्या जोडलेल्या नाहीत आणि ऑटोपायलट चालू असताना हलतही नाहीत, मध्यावर कुलूप लागल्यासारख्या राहतात. दोघांनी एकाच वेळी सरकवल्या तर संगणक दोन्हींची बेरीज करतो. एकाने पूर्ण मागे आणि दुसऱ्याने पूर्ण पुढे केलं तर उत्तर शून्य. दोघांनीही पूर्ण मागे ओढलं तरी एका दांडीच्या पूर्ण हालचालीइतकीच मागणी मान्य होते. दोन्ही दांड्या मध्यापासून २ अंशांपेक्षा जास्त सरकल्या की 'ड्युअल इनपुट' असा आवाज येतो आणि समोरच्या पट्टीवरचे हिरवे दिवे लुकलुकतात.

ताबा घ्यायचा असेल तर दांडीवरचं लाल बटण दाबून धरायचं आणि "आय हॅव कंट्रोल" असं स्पष्ट म्हणायचं. दाबून धरलेलं असेपर्यंत समोरच्याची दांडी निकामी. त्याच्यापुढे लाल बाण पेटतो आणि 'प्रायॉरिटी लेफ्ट' किंवा 'राइट' असं ऐकू येतं. ४० सेकंद धरलं तर बटण सोडल्यावरही ती निकामीच राहते, आणि कोणीतरी स्वतःचं बटण दाबून ती पुन्हा जिवंत करेपर्यंत तशीच असते. दोघांनी बटणं दाबली तर ज्याने शेवटी दाबलं त्याचं चालतं. ही शेवटची तरतूद नीट लक्षात ठेवावी, कारण घाबरलेला माणूस न बोलता बटण दाबून ताबा परत खेचू शकतो.

तसं झालंही आहे. १ जून २००९ ला एअर फ्रान्सची रिओ-पॅरिस फ्लाइट ४४७, ए३३०. बर्फामुळे पिटो नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे गेले, ऑटोपायलट सुटला आणि विमान अल्टरनेट लॉमध्ये आलं, म्हणजे स्टॉलपासूनचं संरक्षण गेलं. उजवीकडच्या वैमानिकाने दांडी मागे धरली. विमान ३५,००० फुटांवरून सुमारे ३८,००० पर्यंत चढलं आणि स्टॉल झालं. ऑटोट्रिम मात्र चालू होतं. त्याने मागणी प्रामाणिकपणे पाळत स्टॅबिलायझर सुमारे ३ अंशांवरून १३ अंशांपर्यंत नाक वर करायला नेला. मधे डावीकडच्याने ताबा घेतला, उजवीकडच्याने काही न बोलता लगेच परत घेतला. २२८ जण गेले. २८ डिसेंबर २०१४ ची इंडोनेशिया एअरएशिया ८५०१ त्याच जातीची: अल्टरनेट लॉ, फर्स्ट ऑफिसरची दांडी मागे, कॅप्टनची पुढे, संगणकाची बेरीज मध्याच्या आसपास. कॅप्टनच्या तोंडून निघालेले शब्द होते "पुल डाउन", ज्याचा धड 'ओढ' असाही अर्थ नाही आणि 'ढकल' असाही नाही. १६२ मृत्यू.

इथे योकचे समर्थक म्हणतात: योक असतं तर शेजाऱ्याला दिसलं असतं. ४४७ बद्दल मला ते बऱ्याच अंशी पटतं. अंधाऱ्या कॉकपिटमध्ये बाजूच्या कोपऱ्यातली दांडी खरोखर दिसत नाही. पण दिसणं म्हणजे थांबवणं नव्हे. ६ फेब्रुवारी १९९६ ला बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं. कॅप्टनची पिटो नळी तुंबलेली, योक त्याने मागे धरलेलं, बाकीच्या दोघांच्या डोळ्यांसमोर. १८९ जण गेले. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरच्या फ्लाइट ३४०७ च्या कॅप्टनने, स्टॉल टाळायला योक पुढे ढकलणाऱ्या स्टिक पुशरशी झुंजत, योक मागे ओढलं. ७३७ मॅक्सच्या दोन्ही अपघातांत योक इतकं जड झालं होतं की संकेत कमी पडला असं कोणी म्हणू शकत नाही. एरवी योक मागे ओढलं की उलट दिशेचं विद्युत ट्रिम कापलं जातं, पण एमकॅसची (नाक आपोआप खाली आणणाऱ्या प्रणालीची) रचना त्या कटआउटला न जुमानणारी केली होती.

आणि जोडलेली योक कायम जोडलेलीच राहतात असंही नाही. एक अडकलं तर दुसऱ्याने विमान वाचवता यावं म्हणून मधे सुटणारी जोडणी असते. पुरेसा विरुद्ध जोर लागला की ती सुटते. ५ एप्रिल २०२२ ला न्यूयॉर्कहून पॅरिसला आलेल्या एअर फ्रान्सच्या ७७७ मध्ये गो-अराउंडच्या (उतरणं सोडून पुन्हा चढण्याच्या) वेळी दोन्ही वैमानिक एकाच वेळी योक चालवत होते, दोघांच्या विरुद्ध जोरामुळे जोडणी सुटली आणि १२ सेकंद दोन योक वेगवेगळ्या स्थितीत होती. त्या कॉकपिटमध्ये 'ड्युअल इनपुट' म्हणणारा आवाजही नव्हता. एअरबसमध्ये निदान तो असतो.

संगणकाचे नियम खाली घसरले की काय करायचं, हा भाग सरावात सर्वांत कमी येतो. नॉर्मल, मग अल्टरनेट, मग डायरेक्ट. डायरेक्टमध्ये दांडी थेट पृष्ठभाग हलवते आणि ऑटोट्रिम बंद होतं. पडद्यावर 'यूज मॅन पिच ट्रिम' असं येतं आणि मधल्या पेडेस्टलवरचं ट्रिम व्हील हाताने फिरवावं लागतं. वर्षानुवर्षं त्या चाकाला हवेत हात न लावलेल्या माणसाला हे सुचायला हवं. २७ नोव्हेंबर २००८ ला पेर्पिन्याँजवळ चाचणी उड्डाणावरच्या ए३२० मध्ये धुताना शिरलेलं पाणी गोठून तीनपैकी दोन अँगल-ऑफ-अटॅक सेन्सर (हवा कोणत्या कोनातून येते ते मोजणारे) अडकले होते. कमी वेगाची चाचणी घेताना संरक्षण मिळालं नाही, ऑटोट्रिमने स्टॅबिलायझर नाक वर करण्याच्या टोकाला नेऊन ठेवलेला, आणि पूर्ण थ्रस्ट दिल्यावर नुसती दांडी पुढे करून नाक खाली येईना. ट्रिम व्हील कोणी फिरवलं नाही. सात जण गेले. योकवाल्या विमानात हातावर पडलेल्या जोरामुळे अंगठा आपोआप ट्रिमकडे गेला असता. दांडीच्या स्प्रिंगला मात्र ट्रिम कुठे आहे याचा पत्ता नसतो.

उड्डाणाआधीच्या तपासणीबद्दल एक सूचना. इंजिन सुरू झाल्यावर दांडी पूर्ण मागे, पूर्ण पुढे, मध्य, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मध्य. दुसरा वैमानिक पडद्यावर पृष्ठभाग बघून पुकारतो. इथे 'हललं' एवढं बघणं पुरेसं नाही, कुठल्या बाजूला हललं ते बघायचं. २० मार्च २००१ ला फ्रँकफर्टहून निघालेल्या लुफ्तान्साच्या ए३२० मध्ये दुरुस्तीच्या वेळी तारा उलट जोडल्या गेल्यामुळे कॅप्टनच्या दांडीचा रोल उलटा झाला होता. तपासणीत हालचाल दिसली, दिशा कोणी बघितली नाही. टेकऑफनंतर विमान डावीकडे २२ अंशांपर्यंत कललं, पंखाचं टोक जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर आलं. फर्स्ट ऑफिसरने स्वतःच्या दांडीवरून ताबा घेतला आणि विमान वाचलं. दुसरी दांडी पहिलीला जोडलेली नव्हती, हाच त्या दिवशीचा आधार ठरला.

सोयीचे मुद्दे पटकन सांगतो. साइडस्टिकमुळे समोरचे पडदे अडत नाहीत, वजन वाचतं, आणि ओढून काढायचं टेबल बसतं. डावखुऱ्या-उजव्या हाताची काळजी लोक उगाच करतात. उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत गेल्यावर हात बदलायची सवय लवकर होते. हाताचा आधार मात्र क्षुल्लक नाही. कोपर त्यावर टेकलेलं हवं आणि हालचाल मनगटातून व्हावी. आधार खाली राहिला तर अख्खा दंड दांडी ओढतो आणि प्रत्येक दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी होते. त्यावर दाखवलेली अक्षर-आकड्यांची स्थिती एकदा जमली की पाठ करून टाकावी आणि प्रत्येक उड्डाणाला तीच लावावी.

दोन दांड्यांच्या जोडणीवर तंत्रज्ञानाने आता उत्तर दिलं आहे: अ‍ॅक्टिव्ह साइडस्टिक. दांडीत मोटरी असतात, दोन दांड्या विद्युत संकेतांनी एकमेकींच्या मागे चालतात, ऑटोपायलटबरोबर हलतात, आणि मर्यादेजवळ जड होतात. गल्फस्ट्रीमच्या जी५०० ला २०१८ मध्ये अशा दांड्यांसह प्रमाणपत्र मिळालं, आणि रशियाच्या एमसी-२१ प्रवासी विमानाचा मूळ आराखडाही त्यांच्यावरच होता. मोटर किंवा दुवा बंद पडला तर दांडी साध्या स्प्रिंगवर येते आणि तेव्हा ती ए३२० च्या दांडीसारखीच मुकी असते. म्हणून या विमानांच्या वैमानिकांनाही बेरीज, लाल बटण आणि "आय हॅव कंट्रोल" शिकावंच लागतं.